भार आणि हवापाणी एकत्र आले की काँक्रीट कसं खराब होतं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काँक्रीटबद्दलची माहिती सहसा दोन कप्प्यांत मिळते. एका कप्प्यात भार, ताकद आणि सळयांचं गणित असतं. दुसऱ्यात गंज, क्षार, ओलावा आणि थंडी. प्रत्यक्षातला पूल किंवा गच्ची मात्र वजन पेलत असतानाच भिजत, सुकत आणि तापत असते. खालचे प्रश्न या एकत्रित माऱ्याबद्दलचे आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे घाईने दिलेलं उत्तर चुकीच्या दुरुस्तीकडे नेतं.

भाराचा परिणाम वेगळा काढला, हवामानाचा वेगळा काढला आणि दोन्हींची बेरीज केली, तर चालत नाही का?

चालत नाही, आणि हे बऱ्याच आधीपासून माहीत आहे. जेराल्ड पिकेट यांनी १९४२ मध्ये एक साधी गोष्ट दाखवून दिली. एक नमुना भाराखाली ठेवा पण सुकू देऊ नका. दुसरा सुकू द्या पण त्याच्यावर भार ठेवू नका. दोघांची लांबी किती बदलली त्याची बेरीज करा. आता तिसरा नमुना भाराखाली ठेवून त्याच वेळी सुकू द्या. त्याच्यातला बदल त्या बेरजेपेक्षा जास्त निघतो. सुकणारा पृष्ठभाग आकसतो, आतला ओला भाग त्याला आकसू देत नाही, सूक्ष्म तडे पडतात, पाणी हलत असताना भार असेल तर सिमेंट आणि पाण्याचा घट्ट झालेला लगदा आणखी सरपटतो, म्हणजे हळूहळू आकार बदलत राहतो. या गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत, म्हणून त्यांची साधी बेरीज होत नाही.

हेच पुढे गोठण्या-वितळण्याच्या चक्रांत, क्षारांच्या शिरकावात आणि गंजातही दिसून आलं. वाकवून ठेवलेली तुळई गोठवत-वितळवत ठेवली तर ती बिनभाराच्या तुळईपेक्षा खूप कमी चक्रांत तुटते.

उलट उदाहरणंही आहेत. समुद्राच्या पाण्यात सल्फेट भरपूर असतात, पण सोबतच्या क्लोराइडमुळे सल्फेटची फुगवणारी क्रिया तेवढ्याच सल्फेटच्या गोड्या पाण्यापेक्षा सौम्य राहते. म्हणजे दोन शत्रू एकत्र आले की नुकसान वाढेलच असं नाही. वाढेल की कमी होईल हे त्या विशिष्ट जोडीची प्रक्रिया समजल्याशिवाय सांगता येत नाही.

काँक्रीट दगडासारखं घट्ट दिसतं. मग पाणी आणि हवा आत शिरतात कुठून?

सिमेंटशी संयोग पावायला जेवढं पाणी लागतं, त्यापेक्षा जास्त पाणी काँक्रीट नीट ओतता यावं म्हणून घातलेलं असतं. ते उडून गेलं की त्याच्या जागी बारीक नळ्यांचं जाळं राहतं. पाणी-सिमेंट गुणोत्तर वाढलं की हे जाळं एकमेकांना जोडलं जातं आणि आत जायला सलग वाट तयार होते.

दुसरी कमकुवत जागा खडीच्या अंगालगत असते. प्रत्येक खड्याभोवती साधारण ०.०२ ते ०.०५ मिलिमीटर जाडीचा थर बाकीच्या लगद्यापेक्षा सच्छिद्र राहतो. खडीखाली पाणी साचतं, सिमेंटचे कण तिथे दाटीने बसत नाहीत. काँक्रीटवर एक किलोचंही वजन ठेवण्याआधी, नुसत्या आकुंचनामुळे या थरात केसाहूनही बारीक तडे असतात. भार येतो तेव्हा काँक्रीट कोरं नसतं, हे पुढच्या सगळ्या उत्तरांत गृहीत धरलेलं आहे.

भारामुळे आत नेमकं काय घडतं?

दाबाचा भार हळूहळू वाढवत नेला तर ताकदीच्या साधारण ३० टक्क्यांपर्यंत ते जुने तडे आहेत तसेच राहतात. त्यापुढे खडीच्या अंगालगतचे तडे लांबायला लागतात. ५० टक्क्यांच्या पुढे ते लगद्यात शिरतात. ७५-८० टक्क्यांच्या आसपास ते एकमेकांना मिळतात, आणि तिथे भार वाढवला नाही, नुसता तसाच ठेवला, तरी काही काळाने नमुना फुटतो. दीर्घकाळ ठेवलेल्या भारावरचे ह्युबर्ट र्‍यूश यांचे १९६० च्या सुमाराचे प्रयोग यासाठीच प्रसिद्ध आहेत.

ताणाच्या बाजूचं चित्र वेगळं आहे. काँक्रीटची ताण सोसण्याची ताकद दाबाच्या साधारण दहाव्या भागाइतकीच असते. म्हणून सळया घातलेली तुळई नेहमीच्या वापरातच खालच्या बाजूने तडकते. ते आराखड्यात धरलेलंच असतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण ताकदीच्या हिशेबात निरुपद्रवी असलेला हा तडा टिकाऊपणाच्या हिशेबात आत शिरण्याची वाट असतो. भार आणि हवापाणी यांची गाठ पडते ती इथे.

दाबाखाली काँक्रीट उलट आवळलं जाऊन जास्त घट्ट होत नाही का?

थोड्या दाबाखाली होतं. काँक्रीट आणि बांधकाम साहित्यावर काम करणाऱ्या रिलेम या आंतरराष्ट्रीय संघटनेने भार आणि पर्यावरण एकत्र तपासण्यासाठी खास समिती नेमली होती. तिच्या शिफारशी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाल्या. वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी एकाच पद्धतीने चाचण्या केल्या, तेव्हा ताकदीच्या ३० टक्के दाबाखाली क्लोराइडचा आत शिरण्याचा वेग बिनभाराच्या नमुन्यापेक्षा कमी आढळला. ६० टक्के दाबाखाली तो वाढला. ताणाखाली तर वाढलाच.

याचा अर्थ असा की बिनभाराच्या नमुन्यावर मोजलेला आकडा दाबाखालच्या कॉलमसाठी कधी सुरक्षित बाजूचा ठरतो, पण तुळईच्या ताणाच्या बाजूसाठी तो भलताच आशावादी असतो. एकाच इमारतीतलं एकच काँक्रीट दोन ठिकाणी दोन वेगांनी म्हातारं होतं. आयुर्मानाचा अंदाज देताना संपूर्ण इमारतीला एकच आकडा लावलेला दिसला, तर मी तरी तो अंदाज कच्चाच मानतो.

तडा किती रुंद झाला की काळजी करायची?

बहुतेक बांधकाम संहिता (नियमावल्या) वातावरणानुसार ०.२ ते ०.३ मिलिमीटरच्या आसपास मर्यादा घालतात, पाणी धरून ठेवणाऱ्या टाक्यांसाठी त्याहूनही कमी. या मर्यादेमागे साधं भौतिकशास्त्र आहे. तड्यातून वाहणारं पाणी रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. रुंदी दुप्पट झाली की गळती आठपट.

पण नुसत्या रुंदीवर थांबणं पुरेसं नाही. फ्रान्समधल्या तुलूझ इथे १९८४ मध्ये सळया घातलेल्या तुळया वाकवून, भाराखाली, खारट फवाऱ्यात ठेवल्या गेल्या आणि पुढे कित्येक वर्षं त्यांचं निरीक्षण चाललं. तिथल्या संशोधकांच्या मते ०.५ मिलिमीटरपेक्षा कमी रुंदीच्या तड्यांत रुंदीपेक्षा भाराची पातळी जास्त बोलकी ठरली. कारण भारामुळे सळई आणि काँक्रीट यांची पकड तड्याच्या दोन्ही बाजूंना सुटते. बाहेरून तडा नाजूक रेघ दिसतो, पण आत सळईच्या अंगालगत बारीक पोकळी लांबवर गेलेली असते. त्या पोकळीत ओलावा आणि क्षार पसरतात.

रुंदीच्या आधी दिशा पाहा, असा माझा आग्रह असतो. सळईला आडवा छेदणारा तडा सळईचा छोटासा तुकडा उघडा पाडतो. सळईच्या लांबीवरून धावणारा तडा फार वेगळी गोष्ट सांगतो: बहुधा आत गंज फुगायला सुरुवात झालेली आहे, आणि सळई व काँक्रीटची पकडही ढिली होत आहे.

मग तडा जिवंत आहे का ते पाहा. स्थिर, ०.१ मिलिमीटरच्या आसपासचा तडा ओलाव्यात स्वतःहून बुजू शकतो. शिल्लक सिमेंटचा पाण्याशी संयोग होतो, कॅल्शियम कार्बोनेट साठतं आणि वाट बंद होते. वाहनांच्या भाराने किंवा तापमानाने रोज उघडझाप करणाऱ्या तड्याला ही संधी मिळत नाही. शिवाय प्रत्येक उघडझाप पाणी आत ओढून घेते आणि बाहेर ढकलते.

गंजात भाराचा हात कुठे असतो? गंज तर रासायनिक गोष्ट आहे.

नव्या काँक्रीटमधलं छिद्रांतलं पाणी अतिशय अल्कधर्मी असतं, पीएच साधारण १२.५ ते १३.५. त्यात सळईवर ऑक्साइडचा एक अगदी पातळ संरक्षक थर टिकून राहतो. हा थर दोन मार्गांनी जातो. हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरून पीएच ९ च्या खाली आणतो, याला कार्बोनेशन म्हणतात. किंवा क्लोराइड सळईपर्यंत पोहोचून थर जागोजागी फोडतं. क्यूस्टी टूट्टी यांनी १९८२ मध्ये मांडलेली दोन टप्प्यांची कल्पना आजही वापरली जाते: आधी शत्रू सळईपर्यंत पोहोचण्याचा काळ, मग प्रत्यक्ष गंज वाढण्याचा काळ.

पहिल्या टप्प्यात भार वाट मोकळी करतो. बिनतड्याच्या काँक्रीटमध्ये कार्बोनेशनची खोली काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. म्हणून कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, निम्मं झालं तर वेळ चौथाईवर येतो. तड्यात हा हिशेब लागू पडत नाही, तिथे कव्हरची जाडी बऱ्याच अंशी निष्फळ ठरते.

दुसऱ्या टप्प्यात उलटा प्रवास सुरू होतो. गंज मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट जागा घेतो. सळईचा मिलिमीटरच्या काही शतांश भागाइतका थर गंजला तरी कव्हर आतून चिरायला तेवढं पुरू शकतं. कव्हर चिरलं की सळईची पकड जाते, सळईचा छेद (आडव्या कापाचं क्षेत्रफळ) कमी होतो, उरलेल्या पोलादावर ताण वाढतो, तुळई जास्त वाकते, तडे आणखी उघडतात, आणि पाण्याला आणखी मोठी वाट मिळते. भाराने गंजाला मदत केली, आता गंज भाराला मदत करतो. सुरुवातीची अनेक वर्षं काहीच दिसत नाही आणि मग सगळं भराभर होत गेल्यासारखं वाटतं, ते या चक्रामुळे.

कार्बोनेशन आणि क्लोराइड यांचीही एक वाईट जोडी आहे. काही क्लोराइड सिमेंटच्या संयुगांत अडकून निरुपद्रवी झालेलं असतं. कार्बोनेशन त्या संयुगांचं विघटन करतं आणि अडकलेलं क्लोराइड मोकळं होऊन आणखी आत सरकतं.

वारंवार येणाऱ्या भाराने काँक्रीट थकतं का?

थकतं. एकदाच दिलेल्या भाराखाली जी ताकद मिळते तिच्या साधारण ५५ टक्क्यांइतका भार पुन्हा पुन्हा दिला तर सुमारे १ कोटी आवर्तनं काढता येतात. पोलादासारखी ‘याखाली कितीही वेळा चालेल’ अशी स्पष्ट मर्यादा काँक्रीटला सापडलेली नाही.

ओलं काँक्रीट सुक्यापेक्षा लवकर थकतं. तड्यात अडकलेलं पाणी तडा बंद होताना दाबलं जातं आणि टोकाशी तडा उचकटतं. पाण्यात उभ्या असलेल्या रचनांसाठी थकव्याचा हिशेब म्हणूनच वेगळा आणि अधिक कडक धरतात. पुलाच्या स्लॅबवर पाणी साचत असेल तर त्याकडे गळतीचा प्रश्न म्हणून पाहणं अपुरं आहे, तो थेट आयुष्याचा प्रश्न आहे.

सळईलाही हेच लागू होतं. कोरड्या हवेत पोलादाला थकव्याची एक मर्यादा मिळते. खाऱ्या पाण्यात ती नाहीशी होते. गंजाचा प्रत्येक खड्डा ताण एकवटणारी खाच बनतो आणि तिथून तडा सुरू होतो. वजनाने सळई ५ टक्केच घटली आहे, या वाक्याने समाधान मानू नये. ती घट एका खड्ड्यात आहे की सर्वत्र पसरलेली आहे, यावर सगळं अवलंबून आहे.

पूर्वताणित काँक्रीटमध्ये तडेच पडत नाहीत, मग ते सुरक्षित नाही का?

तडे कमी पडतात, हे खरं आणि ते मोलाचं आहे. पूर्वताणित म्हणजे आतल्या पोलादी तारा आधीच ताणून काँक्रीट दाबाखाली ठेवलेलं. पण म्हणूनच इथल्या तारा कायम प्रचंड ताणाखाली असतात. उच्च ताकदीचं पोलाद, सततचा ताण आणि ओलावा हे तिन्ही एकत्र आले की तार फारशी न गंजताही ठिसूळपणे तुटू शकते. याला ताण-गंज म्हणतात, आणि काही जुन्या प्रकारच्या पोलादांत हायड्रोजन आत शिरल्याने हा धोका वाढतो.

जर्मनीतल्या ड्रेस्डेनमधल्या कारोला पुलाचा एक भाग ११ सप्टेंबर २०२४ च्या पहाटे एल्बे नदीत कोसळला. तपासात हायड्रोजनमुळे होणारा ताण-गंज आणि वाहतुकीचा थकवा ही कारणं पुढे आली. वेल्समधला यनिस-इ-ग्वास पूल डिसेंबर १९८५ मध्ये कसलीही पूर्वसूचना न देता पडला. तिथे पूल तुकड्यातुकड्यांनी जोडलेला होता आणि सांध्यांतून शिरलेल्या क्लोराइडने तारा खाल्ल्या होत्या. त्यानंतर ब्रिटनमध्ये १९९२ ते १९९६ या काळात तारांच्या नळ्यांत ग्राउट (सिमेंटचं पातळ मिश्रण) भरून केलेल्या पूर्वताणित पुलांचं नवं बांधकाम थांबवण्यात आलं होतं.

साध्या सळयांच्या काँक्रीटमध्ये तडे, गंजाचे डाग, पोपडे अशी सूचना मिळते. इथे ती मिळेलच असं नाही. म्हणून ग्राउट नळीत पूर्ण भरलं आहे का, याची खातरजमा बांधकामाच्या वेळीच झाली पाहिजे.

थंड प्रदेशातल्या काँक्रीटचं काय होतं?

पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. छिद्रं पाण्याने गच्च भरलेली असतील तर त्या फुगण्याला जागा मिळत नाही. मिश्रणात मुद्दाम सूक्ष्म हवेचे बुडबुडे सोडले तर ते सुटकेची जागा देतात. साधारण ४ ते ६ टक्के हवा ठेवतात, पण प्रमाणापेक्षा बुडबुड्यांमधलं अंतर महत्त्वाचं. ते ०.२ मिलिमीटरच्या आसपास हवं.

बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ यात भर घालतं. आश्चर्य म्हणजे पृष्ठभागाचे पापुद्रे सर्वांत जास्त निघतात ते साधारण ३ टक्क्यांच्या सौम्य द्रावणात, तीव्र द्रावणात नव्हे.

भार आणि थंडी एकत्र आल्याचं कायम लक्षात ठेवावं असं उदाहरण कॅनडातलं आहे. क्युबेक प्रांतातल्या लावाल इथला द ला काँकॉर्ड उड्डाणपूल ३० सप्टेंबर २००६ रोजी कोसळला आणि ५ जणांचा जीव गेला. चौकशीत एकच एक कारण निघालं नाही. टेकूच्या भागातल्या सळया आराखड्यात आणि प्रत्यक्षातही योग्य जागी नव्हत्या, म्हणून काँक्रीटमध्ये एक कमकुवत पातळी राहिली. जाड स्लॅबमध्ये कातर (कात्रीसारखा कापणारा जोर) सोसणाऱ्या सळया नव्हत्या. काँक्रीटचा दर्जा मीठ आणि गोठणं सोसण्याइतका नव्हता. वाहतुकीचा भार आणि हिवाळे यांनी त्या पातळीवर सुरू झालेला तडा छत्तीस वर्षांत हळूहळू आत नेला. यातली कोणतीही एक गोष्ट नसती तर तो पूल कदाचित आजही उभा असता. कोसळण्याच्या सुमारे एक तास आधी काँक्रीटचे तुकडे खाली पडले होते.

समुद्राकाठी काँक्रीटचा कोणता भाग आधी जातो?

भरती-ओहोटीच्या आणि लाटांचे शिंतोडे उडणाऱ्या पट्ट्यातला. तिथे क्षार येतात, पाणी सुकतं, क्षार मागे राहून साठतात, प्राणवायूही मिळतो आणि लाटांचा मारही बसतो. कायम पाण्याखाली असलेल्या भागात क्लोराइड भरपूर पोहोचतं, पण प्राणवायू कमी पडल्याने गंज मंद असतो.

खडीतूनच होणाऱ्या फुगण्यावर भाराचा परिणाम होतो का?

होतो, आणि तो फसवा असतो. काही प्रकारच्या खडीतली सिलिका सिमेंटमधल्या अल्कलीशी संयोग पावून पाणी शोषणारा, फुगणारा जेल बनवते. थॉमस स्टँटन यांनी १९४० मध्ये कॅलिफोर्नियात ही क्रिया उलगडली. दाब असलेल्या दिशेने फुगणं कमी होतं, पण मोकळ्या दिशांना ते वळतं. म्हणून कॉलमवर उभे, भाराला समांतर तडे दिसतात आणि बिनसळयांच्या धरणात किंवा फुटपाथवर नकाशासारखं जाळं दिसतं. कॉलमवरचे उभे तडे पाहून लगेच अतिभाराचा निष्कर्ष काढू नये, गंजाचाही नाही. कोअर (काँक्रीटमधून कापून काढलेला दंडगोल नमुना) काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की उलगडा होतो.

प्रयोगशाळेतले आकडे प्रत्यक्ष वास्तूत का जुळत नाहीत?

मुख्य कारण म्हणजे बहुतेक प्रमाणित चाचण्या एका वेळी एकच गोष्ट तपासतात, तीही बिनभाराच्या, बिनतड्याच्या, नीट क्युरिंग केलेल्या (ओलं ठेवून पक्क्या केलेल्या) छोट्या नमुन्यावर. शिवाय वेळ वाचवायला मारा तीव्र करतात. कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण खूप वाढवलं तर तयार होणाऱ्या पदार्थांची रचनाच बदलू शकते. मीठ फार तीव्र केलं तर, वर सांगितलं तसं, नुकसान उलट कमी दिसू शकतं.

भार लावून चाचणी करणं कष्टाचं काम आहे. स्प्रिंग आणि बोल्टने आवळलेला नमुना सरपटतो, आकसतो आणि भार आपोआप उतरतो. तो वेळोवेळी मोजून पुन्हा चढवावा लागतो, नाहीतर ६० टक्के समजून ४५ टक्क्यांवरचे निकाल छापले जातात. कोणत्याही शोधनिबंधात भार कसा टिकवला हे मी आधी शोधतो.

यावरचा प्रामाणिक उपाय म्हणजे खऱ्या हवेत, खरी वर्षं. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्याजवळच्या ट्रीट बेटावर लष्करी अभियंता दलाने १९३० च्या दशकापासून काँक्रीटचे नमुने ठेवले आहेत. भरतीला ते बुडतात, ओहोटीला कडाक्याच्या हवेत गोठतात, एका हिवाळ्यात शंभराहून जास्त वेळा. १९५० च्या दशकात तिथे ताणाखाली तडकवलेल्या, सळया घातलेल्या तुळयाही ठेवल्या गेल्या. अशा जागा मोजक्या आहेत आणि त्यांना निधी मिळत राहायला हवा.

जास्त ग्रेडचं काँक्रीट वापरलं की प्रश्न सुटतो का?

काही अंशी. पाणी-सिमेंट गुणोत्तर कमी केलं की नळ्यांचं जाळं तुटतं. फ्लाय अॅश, स्लॅग किंवा सिलिका फ्यूम घातलं की क्लोराइडची चाल मंदावते. पण ताकद वाढली की काँक्रीट ठिसूळही होतं आणि सुरुवातीच्या दिवसांत स्वतःतलंच पाणी वापरून आकसतं. जाड ओतकामात आतलं तापमान चढतं. ओतल्यानंतर लगेच पाणी मारलं नाही तर महागडं मिश्रण पहिल्याच आठवड्यात तडकतं, आणि तड्यातून क्षार शिरताना काँक्रीटचा ग्रेड विचारत नाहीत.

कव्हर ब्लॉक जागेवर, व्हायब्रेटर नीट, क्युरिंग पूर्ण, पाण्याला उतार: या चार गोष्टींत हयगय करून ग्रेड वाढवण्यात अर्थ नाही.

पाहणी करताना कोणत्या चाचण्यांवर विश्वास ठेवावा?

प्रत्येकीवर थोडा, एकीवरच पूर्ण कधीच नाही. रिबाउंड हॅमर पृष्ठभागाचा कडकपणा सांगतो, आणि कार्बोनेशनमुळे पृष्ठभाग कडक होतो. म्हणजे जुनं, आतून धोक्यात आलेलं काँक्रीट हॅमरवर ठणठणीत निघू शकतं. फिनॉल्फ्थॅलिनचा फवारा ताज्या तुटक्या भागावर मारला की अल्कधर्मी भाग गुलाबी होतो, रंगहीन राहिलेला भाग कार्बोनेशन झालेला. ही स्वस्त आणि उपयुक्त चाचणी आहे. अर्ध-सेल विभव म्हणजे सळईचा विद्युत दाब मोजण्याची चाचणी. तीत तांबे-तांबे सल्फेट इलेक्ट्रोडवर −३५० मिलिव्होल्टपेक्षा ऋण आकडा आला तर गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त मानतात. मात्र पाण्याने भिजून गच्च झालेल्या, प्राणवायू नसलेल्या काँक्रीटमध्ये गंज नगण्य असूनही असा आकडा येतो. अल्ट्रासॉनिक वेग तड्यांचा अंदाज देतो, पण ओलावा तो वेग वाढवतो.

चाचण्यांच्या जागा निवडताना सोयीच्या उंचीवरचे मोकळे कॉलम घेण्याकडे कल असतो. जिथे ताण जास्त आणि ओलावाही जास्त, तिथे आधी जा: बाल्कनीच्या स्लॅबची वरची बाजू भिंतीलगत, पाण्याच्या टाकीखालची तुळई, पुलाच्या सांध्याखालचे टेकू. भाराचा नकाशा आणि ओलाव्याचा नकाशा एकावर एक ठेवा. दोन्ही जिथे गडद आहेत तिथून कोअर काढा.

पोपडे निघाले आहेत. गिलावा करून रंग दिला तर?

ओलावा आत कोंडला जाईल, गंज चालू राहील आणि खूण दिसेनाशी होईल. खूण लपणं यातलं सर्वांत वाईट.

नीट दुरुस्तीतही दोन गोष्टी वारंवार निसटतात. पहिली रासायनिक. क्लोराइड असलेल्या काँक्रीटमध्ये फक्त खराब तुकडा काढून नवं साहित्य भरलं, तर नव्या तुकड्यातली सळई सुरक्षित होते आणि लगतची जुनी सळई जोमाने गंजायला लागते, कारण आता विद्युत-रासायनिक जोडीत ती बळीची बाजू बनते. म्हणून दूषित काँक्रीट सळईच्या मागपर्यंत आणि दिसणाऱ्या नुकसानाच्या पलीकडे काढावं लागतं, किंवा त्यागी अॅनोड (सळईऐवजी स्वतः गंजणारा धातू) अथवा कॅथोडिक संरक्षण (विद्युतप्रवाहाने गंज रोखणं) द्यावं लागतं.

दुसरी यांत्रिक. भार न उतरवता तुळईचा तुकडा खरवडून भरला, तर नवं साहित्य स्थायी भाराचा (कायम असलेल्या वजनाचा) वाटा घेतच नाही. तो आधीच उरलेल्या छेदाने उचललेला असतो. नवा भाग पुढे येणाऱ्या भारापुरताच कामाला येतो आणि आकसून कडेने सुटतो. टेकू लावून, शक्य तेवढा भार काढून, मग काँक्रीट तोडायचं. तोडताना छेद कमी होतो, म्हणून टेकू तोडण्याच्या आधी हवेत. इपॉक्सी फक्त स्थिर तड्यात भरावं. हलणाऱ्या तड्यात भरलं तर शेजारी नवा तडा येतो.

जुन्या इमारतीवर नवा भार टाकायचा असेल तर काय तपासावं?

नकाशावरची ताकद नको, आजची ताकद. बाग, टाइल्सचा नवा थर, यंत्रं, साठा, जास्त वजनाची वाहनं, हे सगळं आराखड्यातल्या मूळ छेदावर मोजून मंजूर केलं जातं, आणि तो छेद आता तेवढा राहिलेला नसतो.

फ्लोरिडातल्या सर्फसाइडमध्ये शँप्लेन टॉवर्स साउथ ही निवासी इमारत २४ जून २०२१ रोजी कोसळली, ९८ माणसं गेली. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेच्या तपासात तरणतलावालगतच्या डेकबद्दल तीन गोष्टी एकत्र दिसल्या: मूळ आराखड्यातच ताकद कमी होती, नंतर कुंड्या, वाळू आणि फरशीचा जड भार चढला, आणि सळया गंजल्या होत्या.

नवा भार टाकण्याआधी कव्हर, कार्बोनेशनची खोली, क्लोराइडची पातळी आणि उरलेला सळईचा व्यास मोजून घ्या, आणि त्या आकड्यांवर हिशेब करा. कॉलमभोवतीच्या सपाट स्लॅबमध्ये आणि टेकूजवळच्या कातर भागात विशेष दक्षता घ्या, कारण वाकण्याने होणारं अपयश आधी झुकून दाखवतं, कातराने होणारं बहुधा दाखवत नाही. पाणी साचत असेल तर निचरा आणि जलरोधन आधी, भार नंतर. आणि नवा भार आल्यावर तड्यांवर खुणा करून पहिलं वर्षभर, ओल्या आणि सुक्या दोन्ही काळांत, मोजमाप घेत राहा.